हलकी सिस्टीम, जड संसार

जुन्या, कमी रॅमच्या संगणकावरही सुखाने चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमला हलकी म्हणतात. यातल्या बहुतेक लिनक्सच्या कुळातल्या. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्याने किंवा प्रोसेसर जुना निघाल्याने विंडोज ११ने नाकारलेले कित्येक धडधाकट संगणक घरीच बसले, आणि त्यांच्यासाठी हलकी स्थळे सुचवणाऱ्यांना ऊत आला.

त्यांपैकी पपी लिनक्स हे ऑस्ट्रेलियातल्या बॅरी काउलर यांचे २००३चे अपत्य. पेनड्राइव्हवरून सुरू होऊन ती अख्खी रॅममध्ये जाऊन बसते. त्यामुळे म्हातारा लॅपटॉपही तरतरीत होतो. पहिल्यांदा बंद करताना मात्र ती विचारते, केलेले काम जपून ठेवायचे का? सामान्य वापरकर्त्याला वर्षानुवर्षांची सवय एकच: पडद्यावर चौकट आली की न वाचता घालवायची. तशी ती घालवली की दुसऱ्या दिवशी वायफायच्या पासवर्डासकट सगळे गायब. बिघाड काहीच झालेला नसतो. सिस्टीमने मालकाचा शब्द पाळलेला असतो, इतकेच.

टायनी कोअर तर जेमतेम २३ एमबीची. गुड मॉर्निंगचे काही व्हिडिओ याहून जड असतात. एवढ्यात डेस्कटॉप मिळतो, ब्राउझर मात्र नाही. तो नंतर स्वतः उतरवून घ्यायचा. वायफायचा सरंजामही वेगळा, म्हणजे इंटरनेट जोडायचे सामान इंटरनेटवरूनच आणायचे. कोलिब्री १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावते. प्रश्न फ्लॉपी शोधण्याचा.

खरी मेख ब्राउझरची आहे. सिस्टीम दोन-तीनशे एमबीत भागवते, पण बँक, रेल्वेचे तिकीट आणि यूट्यूब अशा तीन खिडक्या उघडल्या की वाचवलेली रॅम ब्राउझर गिळतो. शिवाय हिशेबाचे टॅली विंडोजवरचे. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली सोसायटीची इतिवृत्ते तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, तर ठरावाच्या जागी रोमन अक्षरांची भेळ दिसते. प्रिंटर चालला तर चालला. न चालल्यास ज्या भाच्याने हौसेने ही सिस्टीम घालून दिली, त्याला फोन लावावा लागतो, आणि तो नेमका मीटिंगमध्ये असतो.

म्हणून अतिहलक्या सिस्टीम हौशी मंडळींनाच लखलाभ. ज्यांचे सारे काम ब्राउझरात उरकते आणि ज्यांच्याकडे ४ जीबी रॅम आहे, त्यांना लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बेताने वापरली तर पुरते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही त्यांत निघतो. मात्र त्याआधी मागचे झाकण उघडून पाहावे. आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवल्यावर संगणक असा काही धावतो, की सिस्टीम बदलण्याचा उत्साह बऱ्याच घरांत तिथेच मावळतो. भाचा तेवढा हिरमुसतो.