वजन शास्त्रोक्त कसे करावे

स्मार्ट वजनकाटा घरी आला की पहिली पायरी म्हणजे त्यावर चढणे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. पहिली पायरी म्हणजे फॉर्म भरणे. खोके फोडून, सेल घालून, फोनमध्ये ॲप उतरवून घ्यावे. मग ते नाव, जन्मतारीख, लिंग, उंची, मोबाइल नंबर आणि ‘तुमचे ध्येय’ विचारते. फोन जुना असेल तर लोकेशनची परवानगीही मागते, कारण अँड्रॉइडच्या ६ ते ११ या आवृत्त्यांत ब्लूटूथवरून आसपासचे यंत्र शोधायचे तर ती द्यावीच लागे. आपण न्हाणीघराबाहेर उभे आहोत हे कोणाला कळून काय होणार, असे म्हणून बहुतेक जण ती देऊन टाकतात. या साऱ्यात घाई करू नये. फॉर्म विचारपूर्वक भरणाऱ्याची चरबी काट्यावर चढण्याआधीच उतरू लागते, आणि हे गमतीने म्हटलेले नाही. पुढचे सगळे मार्गदर्शन एकाच तत्त्वावर उभे आहे: हा काटा मोजतो दोन गोष्टी आणि सांगतो तेरा. मधल्या अकरा आकड्यांची व्यवस्था बरीचशी तुमच्या हातात असते.

त्या दोन गोष्टी कोणत्या, हे आधी समजून घ्यावे. काट्याच्या चार पायांत धातूच्या बारीक पट्ट्या असतात. वर भार पडला की त्या केसभर वाकतात, वाकल्या की त्यांचा विद्युतरोध बदलतो, आणि त्यावरून वजन निघते. हे मोजमाप खरोखर चांगले असते. काटा सपाट, टणक फरशीवर ठेवावा, सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर नको, एवढेच पथ्य. दुसरी गोष्ट म्हणजे तळपायाखालच्या चकचकीत पट्ट्यांतून अंगात सोडलेला प्रवाह. तो एक मिलिअँपिअरहूनही कमी असतो, बहुधा ५० किलोहर्ट्झचा, म्हणून जाणवत नाही. (पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी मात्र या भानगडीत पडू नये, तसे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेलेही असते.) हा प्रवाह एका पायाने चढतो आणि दुसऱ्याने उतरतो. शरीरातले क्षारयुक्त पाणी त्याला वाट देते, चरबी अडवते. किती अडले, तो आकडा ओहममध्ये मिळतो, आणि गंमत अशी की यंत्राने स्वतः मोजलेला हाच आकडा बहुतेक ॲप दाखवत नाहीत. तो आत जातो एका समीकरणात. तिथे तुमची उंची, वय आणि लिंग आधीच येऊन बसलेले असतात. समीकरण शरीरातल्या पाण्याचा अंदाज करते, चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असते असे धरून चालते, आणि वजाबाकी करून चरबीचा टक्का हातात ठेवते. स्नायू, प्रथिने, विश्रांतीतली ऊर्जा, हाडांचे वजन ही सगळी त्याच वजाबाकीची पिलावळ. हाडांचे तर विशेषच: काट्याने हाड पाहिलेले नसते, तरी ते २.६ किलो भरते असे तो दशांशासह सांगतो.

आता फॉर्मकडे वळू. उंचीच्या रकान्यात मराठी माणसाला वेगळे शिक्षण द्यावे लागत नाही. लग्नाच्या बायोडेटाने ते काम केलेले असते. बीएमआय काढताना उंचीचा वर्ग होत असल्याने इथली उदारता भरघोस फळ देते. ७२ किलोच्या माणसाने १६५ सेंटिमीटरऐवजी १६८ लिहिले तर बीएमआय २६.४ वरून २५.५ वर येतो, आणि चरबीचा टक्काही नम्रपणे मागोमाग उतरतो. एवढी घट प्रत्यक्षात करायची तर अडीच किलो वजन कमी करावे लागले असते. वयाचा प्रश्न जरा नाजूक आहे. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून लावून दिलेल्यांच्या दोन जन्मतारखा असतात. त्यांनी काट्यासाठी धाकटी निवडावी. शेवटी ‘ॲथलीट मोड’ नावाचे एक बटण असते. ते दाबले की यंत्र दुसरे समीकरण वापरते आणि तीच पावले, तोच प्रवाह, तोच ओहमचा आकडा असताना चरबी काही टक्क्यांनी खाली येते. इतक्या कमी वेळात असा परिणाम देणारा दुसरा व्यायामप्रकार उपलब्ध नाही.

वेळ कोणती साधावी, याबद्दल दोन पंथ आहेत आणि दोघांचेही बरोबर आहे. वजन पहाटे करावे. रात्रभर माणूस नुसता श्वासावाटे आणि घामावाटे पाणी गमावत असतो. सोळाव्या-सतराव्या शतकांत इटलीतल्या सांतोरिओ नावाच्या वैद्याने काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून, खाल्लेले आणि बाहेर टाकलेले सगळे तोलून, सुमारे ३० वर्षे याच अदृश्य घटीचा हिशेब ठेवला आणि १६१४ मध्ये त्यावर पुस्तक काढले. त्याला ॲप नव्हते, त्यामुळे त्याला प्रत्येक आकडा स्वतः मोजावा लागला. चरबी मात्र संध्याकाळी, जेवणाआधी मोजावी. दिवसभर उभे राहून, हिंडून पाणी पायांत उतरलेले असते, पाय हाच तर प्रवाहाचा रस्ता, त्यामुळे रोध कमी लागतो आणि टक्का सकाळपेक्षा कमी दिसतो. म्हणजे सकाळी वजन कमी आणि चरबी जास्त, संध्याकाळी वजन जास्त आणि चरबी कमी. शहाण्याने दोन्ही वेळांतले आपले तेवढे घ्यावे. मोजण्याआधी तांब्याभर पाणी पिऊ नये. ते पोटात असते, प्रवाह पायांतून आणि ओटीपोटातून परत फिरतो, त्याला या पाण्याची खबर नसते. मग वाढलेल्या वजनापैकी बराचसा भाग यंत्र चरबीच्या खाती लिहून मोकळे होते. भेगाळलेल्या कोरड्या टाचांचेही तेच. आत शिरतानाच प्रवाह अडला तर ती अडचण चरबी म्हणून नोंदली जाते, आणि मग पाय ओलसर फडक्याने पुसणे हा चरबी घटवण्याचा उपाय ठरतो.

सणानंतरच्या सकाळी काय करावे, हा स्वतंत्र विषय आहे. होळीच्या दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वाढ दाखवतो आणि घरात सुतक पडल्यासारखे होते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. एका पुरणपोळीला ३०० धरल्या तरी एक किलो चरबी चढवायला नेहमीच्या जेवणावर पंचवीसेक पोळ्या जास्त खाव्या लागतील, तुपाचा हिशेब वेगळा. तेव्हा वाढलेले ते बहुतांशी पाणी, मीठ आणि अजून वाटेत असलेले जेवण. पिष्टमय खाण्यातून यकृतात आणि स्नायूंत साठणारे ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तिप्पट वजनाचे पाणी धरून ठेवते. एखादा कडक निर्जळी उपास केला की हेच पाणी निघून जाते, काटा किलोभर खाली येतो आणि ॲप हिरव्या रंगात अभिनंदन करते. दोन्ही वेळा चरबी जागची हललेली नसते. अभिनंदन स्वीकारायला हरकत नाही.

यावर समंजस वाचक म्हणेल की आकडा चुकीचा असला तरी रोज सारखाच चुकीचा असणार. मग चढउतार तर खरा ना? वजनापुरता हा मुद्दा पूर्ण मान्य आहे. रोज एकाच वेळी, एकाच कपड्यांत वजन करून आठवड्याची सरासरी पाहिली तर तिच्याइतका स्वस्त आणि प्रामाणिक सल्लागार मिळणार नाही, आणि नेमाने वजन करणाऱ्यांना ते आटोक्यात ठेवणे सोपे जाते असे बऱ्याच अभ्यासांत दिसलेही आहे. चरबीच्या टक्क्याबाबत मात्र हा युक्तिवाद लंगडतो. तिथली चूक पाण्यावर, त्वचेवर, तापमानावर अवलंबून असल्याने ती रोज सारखी नसते. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. समीकरणात वजन स्वतःच बसलेले असते. त्यामुळे वजन उतरले की टक्काही बहुधा उतरतो, मग गेलेली चरबी असो वा स्नायू. ॲपमध्ये दोन रेषा हातात हात घालून खाली येताना दिसतात आणि माणसाला वाटते की दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत. साक्षीदार बऱ्याच अंशी एकच असतो, शर्ट बदलून आलेला. डॉक्टरांकडेही असेच यंत्र असते, हाही आक्षेप येतो. तिथल्या यंत्राला हातांच्याही मुठी असतात, ते धड आणि हातपाय वेगवेगळे मोजते, एकाहून जास्त कंपनसंख्या वापरते. आणि तरीही त्याचे उत्तर अंदाजच असते, फक्त चांगला.

सगळ्यात वजनदार आक्षेप पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त, असा हा भारतीय देह. मग नुसते वजन मोजून आपली फसगत होणार, चरबी मोजलीच पाहिजे, हे खरेच आहे. बीएमआयच्या मागे क्वेटले हा एकोणिसाव्या शतकातला बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ, आणि त्याला कोणाचे पोट कमी करायचे नव्हते, समाजातला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. त्याच्या सूत्राला हे नाव मिळाले ते १९७२ मध्ये, ॲन्सेल कीज यांच्याकडून. पण या आक्षेपातून आपला काटा सुटत नाही, उलट अधिकच अडकतो. आपल्या लोकांत घोटाळा करते ती पोटातली चरबी, आणि पायातून चढून पायातून उतरणारा प्रवाह पोटाकडे जेमतेम डोकावतो. तरी ॲपमध्ये ‘व्हिसरल फॅट’चा आकडा ऐटीत उभा असतो. तिथे न गेलेल्याने तिथला वृत्तान्त दिलेला आहे. पोटाचीच काळजी असेल तर शिंप्याकडची टेप आणावी: भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कंबरेची धोक्याची रेघ मानतात. टेपला सेल लागत नाही, खाते उघडावे लागत नाही, आणि बेंबीपाशी ती किती ओढून धरायची एवढाच काय तो फसवणुकीला वाव राहतो.

मग अकरा आकडे देतात कशाला? रेल्वे स्टेशनवरच्या लाल-पिवळ्या दिव्यांच्या वजनयंत्राला हे आधीच कळले होते. नाणे टाकले की जाड पुठ्ठ्याचे तिकीट खाली पडे, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य, आणि तिकीट सगळे उलटे करूनच आधी वाचत. ॲपमध्ये या भविष्याचे नाव ‘मेटाबॉलिक वय’ आहे. विश्रांतीतल्या ऊर्जेचा आकडा मोजला जात नाही, तो सूत्राने काढतात. मग तो कोणत्या वयाच्या सरासरीशी जुळतो ते पाहून तुम्हाला वय बहाल होते. चांगले आले तर ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावे. वाईट आले तर आणखी बारा आकडे आहेत, त्यांतला एखादा तरी हिरवा निघतोच. स्नायूंचा बहुधा निघतो, कारण त्यात पाणीही धरलेले असते.

राहता राहिला एकत्र कुटुंबाचा प्रश्न. काट्यावर चढलेला माणूस कोण, हे काटा वजनावरूनच ओळखतो. दोन जावांची वजने एक-दोन किलोंच्या आत असली की तो गोंधळतो, धाकटीचे मोजमाप थोरलीच्या खात्यात जाते आणि दुपारी चहाच्या वेळी त्यावरून बोलणे होते. कित्येक ॲप अशा वेळी स्वतः काही ठरवत नाहीत. पडद्यावर आकडा दाखवून नम्रपणे विचारतात, ‘हे मोजमाप कोणाचे?’ उत्तर देण्याची सक्ती नसते. आधी आकडा नीट पाहून घ्यावा, मग नाव निवडावे; आणि दोन्ही नावे सोयीची वाटली नाहीत तर खाली ‘पाहुणे’ असा तिसरा पर्याय दिलेला असतो.