ताणमुक्तीला उपस्थिती अनिवार्य

आमच्या कंपनीत माणसं थकतात, ही बातमी एचआरला गेल्या वर्षी लागली. तोवर त्यांची समजूत अशी होती की माणसं नोकरी सोडतात ती शेजारच्या इमारतीत पगार जास्त मिळतो म्हणून. मग एक सर्वेक्षण झालं. कामाचा ताण जाणवतो का, याला एक ते पाच गुण द्यायचे. फॉर्म निनावी होता, फक्त सुरुवातीला एम्प्लॉयी आयडी टाकायचा होता. सगळे कर्मचारी कमालीचे सुखात असल्याचं निष्पन्न झालं. तरी खबरदारी म्हणून ‘ताणमुक्ती सप्ताह’ जाहीर झाला.

सप्ताहात रोज दुपारी एक ते दोन वेबिनार, म्हणजे नेमका डबा खायच्या वेळेला. उपस्थिती अनिवार्य आणि कॅमेरा चालू. पन्नासेक माणसं पोळीचा घास कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर धरून गंभीर चेहऱ्याने ‘आहारातील सजगता’ ऐकत होती. तिसऱ्या दिवशी वक्त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. आमच्या टीममधल्या एका मुलाने मिटलेले डोळे वेबिनार संपला तरी उघडले नाहीत. त्याला उत्तम सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. वेबिनारमुळे तुंबलेलं काम आम्ही संध्याकाळी थांबून उरकलं, आणि ताण किती कमी झाला याचा फीडबॅक फॉर्म रात्री घरून भरला.

कामाने येणाऱ्या या थकव्याला बर्नआउट म्हणतात. त्याचा जन्म आमच्या हिंजवडीतला नाही, हे आधीच सांगते. नाहीतर आमच्याकडे त्याचाही अभिमान बाळगतील. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्यावर लेख लिहिला. हा गृहस्थ दिवसा स्वतःचे रुग्ण बघायचा आणि संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत राबायचा. संशोधनासाठी नमुना शोधायला त्याला आरशापलीकडे जावं लागलं नसणार. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची नीट व्याख्या केली. लक्षणं तीन: अंगातली शक्ती संपणं, कामाविषयी मनात कडवटपणा येणं आणि हातून काम धड न होणं. मी ही यादी नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, “हा तर सोमवार झाला.”

मात्र त्याच संघटनेने हेही म्हणून ठेवलंय की बर्नआउट हा आजार नव्हे, ती नोकरीशी निगडित घटना आहे. आमच्या एचआरने त्या सगळ्या मजकुरातलं हे एकच वाक्य पाठ केलं. आजार नाही, तर सिक लीव्ह कशाची?

आमचा मॅनेजर माणूस वाईट नाही, पण त्याला उत्पादकता वाढवण्याचा नाद आहे. दर तिमाहीला तो एक नवी पद्धत आणतो. मागच्या वेळी पोमोदोरो आणली. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, अभ्यासात मन लागेना म्हणून स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ समोर ठेवलं. पंचवीस मिनिटं एकच काम, मग पाच मिनिटं विश्रांती. पद्धत खरंच चांगली आहे. फक्त ती शोधली तेव्हा त्या मुलाला ‘क्विक कॉल?’ असा मेसेज येत नव्हता. मी घरून काम करताना टोमॅटोऐवजी कुकर लावून बघितला. शिट्ट्या होईपर्यंत फक्त अहवाल, दुसरं काही नाही. पहिल्या शिट्टीच्या आत मॅनेजरचाच मेसेज आला: “पोमोदोरो कसं चाललंय? पाच मिनिटं बोलू या.” बोललो तेवढ्यात कुकर झाला, डाळ झाली, भातही झाला. अहवालाचं शीर्षक झालं होतं.

शिवाय तो हिरवा ठिपका आहे. टीम्सवर पाच मिनिटं हालचाल केली नाही की आपल्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. आता विचार करायला बसलेला माणूस कीबोर्ड कशाला बडवेल? पण विचार करणारा माणूस पिवळा दिसतो आणि उगाच मेल पुढे ढकलत बसणारा हिरवागार. त्यावर आमच्या मजल्यावर तोडगा निघाला आहे. काट्याच्या मनगटी घड्याळाच्या काचेवर माऊस ठेवायचा. खालचा सेकंदकाटा फिरतो आणि कर्सर हलत राहतो. गेल्या तिमाहीत आमच्याकडे सर्वांत सातत्याने हजर असलेला कर्मचारी म्हणजे एक टायटनचं घड्याळ.

आणि ईओडी! ‘ईओडीपर्यंत पाठव’ म्हणजे दिवस संपायच्या आत पाठव. कुणाचा दिवस, हे विचारायचं नसतं. कॅलिफोर्नियातला ऑफिसचा दिवस संपतो तेव्हा आमच्या सोसायटीत दूधवाला येऊन जातो.

माझ्या सासूबाई पोस्टात होत्या. त्यांना मी बर्नआउट समजावून सांगायचा प्रयत्न केला. “आम्हाला नाही बाई असलं काही झालं,” त्या म्हणाल्या. काउंटर बंद झाला की रोकड जुळवायची, तारखेचा शिक्का आत ठेवायचा, तिजोरीला कुलूप लावायचं की काम संपलं. चार आण्यांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत सगळे थांबायचे, पण एकदा जुळलं की जुळलं. मनीऑर्डर पदराला बांधून घरी आणायची सोय नव्हती. मला हेवा वाटला. मग मी विचारलं, “आई, पण तुम्ही पहाटे उठून पाच डबे करायचात, पाणी भरायचात, संध्याकाळी आल्यावर पुन्हा सगळ्यांचा स्वयंपाक. त्याचं काय?” त्या म्हणाल्या, “ते काम थोडंच होतं?” नवरा शेजारीच बसला होता. त्याने वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

तरी पोस्टाच्या तिजोरीचं ते कुलूप माझ्या डोक्यातून जात नाही. कामाला कुलूप लागलं पाहिजे आणि ते लावणारं कुणीतरी पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, निवेदनं दिली. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. त्यासाठी सहा वर्षं गेली. आम्ही तोच रविवार ‘जस्ट फाइव्ह मिनिट्स, प्लीज’ एवढ्यावर परत देऊन टाकतो, वर अंगठ्याची इमोजीही पाठवतो.

आता तर वरून मागणीही आहे. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीचे अध्यक्ष नव्वदावर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असंही विचारते झाले. नव्वद तास म्हणजे रविवार धरून रोज जवळजवळ तेरा. त्यात हिंजवडी ते कोथरूड हा प्रवास मिळवा. मग बायकोकडे बघायला वेळ उरतो तो भूमकर चौकात, तोही ती त्याच गाडीत असेल तर.

फ्रान्समध्ये २०१७ पासून, कामाची वेळ संपल्यावर ऑफिसच्या मेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात तशा अर्थाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. पण १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर रात्रीचा कॉल चुकवू नये.

म्हणून मी घरातल्या घरात कायदा केला. रात्री आठ वाजता ऑफिसचा फोन चपलांच्या कपाटात जातो आणि कपाटाची किल्ली आईंकडे. पोस्टातली बाई, नियम म्हणजे नियम. एकदा मी गयावया करत किल्ली मागितली, तर त्या म्हणाल्या, “काउंटर बंद झालाय. सकाळी या.” सकाळी पहिला दीड तास मी एकही मेल उघडत नाही, दिवसातलं सगळ्यात डोकेखाऊ काम तेव्हाच संपवते. विषय न लिहिलेल्या मीटिंगला ‘विषय काय?’ एवढंच उत्तर पाठवते. निम्म्या मीटिंगा तिथेच मरतात, कारण बोलावणाऱ्यालाही विषय माहीत नसतो.

पहिल्या आठवड्यात छाती धडधडायची. कंपनी बुडेल, क्लायंट जाईल, निदान मॅनेजरचा आवाज चढेल, असं वाटायचं. यातलं काही झालं नाही. वर्षअखेरीस मूल्यमापन झालं. आधीच्या वर्षी रात्री बारा-बारापर्यंत जागून मला शेरा मिळाला होता, ‘अपेक्षेनुसार कामगिरी’. या वर्षी आठला फोन चपलांत ठेवून मिळाला, ‘अपेक्षेनुसार कामगिरी’. पगारवाढीचा टक्काही तोच.

तेव्हा मंडळी, आठनंतर मला मेसेज जरूर करा, मी तो सकाळी वाचेन. फक्त पावणेनऊला त्याच्याखाली ‘जेंटल रिमाइंडर’ लिहू नका. चपला वाचत नाहीत.