पायलीत अंगठा

“ऐकलंत का काकी? खारेपाटात परत खांड गेली म्हणे. उधाणाचं पाणी थेट भातात!”

“जाणारच. ठेकेदारानं बांधावर माती घातली की नुसती दाखवली, कोण बघतंय? पूर्वी चोर नव्हते असं नाही गं, पण गळा कुणाचा धरायचा ते ठाऊक असायचं.”

“कुणाचा?”

“शिलोत्रीदाराचा. आपल्या पेणच्या खारीत पेशवाईतली रीत होती. समुद्राकडचा बांध त्यानं राखायचा आणि त्यापोटी शेतकऱ्यानं सरकारी धाऱ्याशिवाय बिघ्यामागे मणभर भात त्याला द्यायचं. शिलोत्री मण म्हणत त्याला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी हा मण चालूच राहिला.”

“मण म्हणजे चाळीस किलो?”

“छे! चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. सगळं मापाचं, तराजू नाहीच. तिथंच तर गोम! घेताना पायलीवर शीग चढवायची, गड्याला देताना वरून हात फिरवायचा. त्यातून अंगठा पायलीच्या आत धरला, की दर खेपेला चार दाणे मोजणाऱ्याचे.”

“अगो बाई! तुमच्या रोह्याकडेही हेच?”

“आमच्याकडे अवचितगड ना. मराठ्यांच्या किल्ल्यांवर हजेरी सबनीसाकडे आणि कोठीतलं धान्य कारखानीसाकडे. हवालदार आणखी तिसरा. माणसं मांडणारा एक, दाणे मोजणारा दुसरा. गवंड्या-पाथरवटांत खोटं नाव घुसडायचं, तर दोघांना सामील करून घ्यायला हवं.”

“घेत नसतील कशावरून?”

“घेतही असतील! पण खाणारे दोन झाले की वाट्यावरून भांडण, आणि भांडण झालं की गावभर बोभाटा.”

“इथं भांडायला दुसरा आहेच कोण? हजेरी ठेकेदाराची, बिल त्याचं, आणि बांध तपासायला साहेब येतात तेही त्याच्याच गाडीतून.”

“मग पुढच्या ग्रामसभेत उभी राहा आणि मस्टर मोठ्यानं वाचायला लाव. एकेक नाव निघालं, की बायकाच सांगतील, कोण चिखलात होतं आणि कोण त्या दिवशी मुंबईला लग्नात जेवत होतं!”