बजऱ्याचं गोत्र

काशीत उतरलेल्या मराठी माणसाला गाव आणि गोत्र विचारल्यावाचून कुणी घाटावर टेकू देत नाही. तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही निघाली, तेव्हा आमची मंडळी गहिवरली. मी मात्र ‘बजरो’चे पणजोबा शोधत होतो.

बजरो हा इंग्रजी शब्द. आज खुद्द इंग्रजाला विचारलं तर त्याला ती पोपटाची जात वाटेल. एके काळी कलकत्त्याचा साहेब या नावाच्या बोटीतून गंगेवरून वर यायचा. तळाला कणा नाही, मागच्या दोन-तृतीयांश भागात झिलमिलीच्या खिडक्यांच्या खोल्या, आणि चाल अशी की कलकत्ता ते बनारस या प्रवासाला कंपनी सरकारनं ७५ दिवसांची मुदत धरली होती. एवढ्यात आमच्याकडे लग्न ठरतं, मोडतं आणि पुन्हा ठरतं. इंग्रजी स्पेलिंग (budgerow) फोडलं, तर ‘जरा हल’ आणि ‘वल्हव’ असे दोन तुकडे पडतात. साहेबानं वैतागून सोडलेला हुकूमच! अर्थात ही व्युत्पत्ती माझी, म्हणजे खोटी.

खरा बाप आपला ‘बजरा’. युल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तशी नोंदच आहे. पण आजोबा कोण? इथे शेक्सपिअर मध्ये पडले. नाटकवाले नव्हेत, हिंदुस्तानीचे कोशकार जॉन शेक्सपिअर. त्यांनी ‘बजर’, म्हणजे कठीण किंवा जड, असं मूळ सुचवलं. तिथून वज्र दोन पावलांवर, म्हणजे थेट इंद्राच्या घरची सोयरीक! कोशानं ‘हे संभवत नाही’ असा शेरा मारून ती मोडली. बर्नेलनं तंजावरला सरफोजीराजांच्या ग्रंथालयातल्या संस्कृत पोथ्यांची सूची केली होती. उसनी कुळी त्याला लांबूनच ओळखू येत असणार.

१८३४मध्ये कंपनीची आगबोट गंगेवर नियमित धावू लागली, मागून रेल्वे आली, आणि इंग्रजी बजरो निपुत्रिक वारला. बाप ठणठणीत आहे. काशीत होळीनंतरच्या बुढवा मंगलच्या उत्सवात बजऱ्यांवर अजून गाणं रंगतं.

अस्सी घाटावर एका नावाड्याला मी ही कुळकथा ७५ दिवसांसकट ऐकवली. त्यानं शांतपणे पान चघळलं आणि म्हणाला, “बाबूजी, हमारे यहाँ भाड़ा घंटे का है. जोड़ लीजिए.”