डोळ्यांखालची इस्टेट

डोळ्यांखाली पिशव्या असलेल्या माणसाला आपल्याकडे वैद्यकीय सल्ल्याची कधी ददात पडत नाही. लिफ्ट तळमजल्यावरून चौथ्यावर पोचेपर्यंत सोसायटीचे सेक्रेटरी विचारून घेतात, "झोप झाली नाही का हो?" ऑफिसात शेजारच्या टेबलावरून आवाज येतो, "काल जरा जास्त झालेली दिसतेय!" लग्नात भेटलेली मावशी थेट मुळावर घाव घालते, "पोट साफ होतं ना रे?" आणि ज्याने नुकतंच स्वतःचं फुल बॉडी चेकअप करून घेतलंय, तो खिशातून मोबाइल काढत म्हणतो, "बी-ट्वेल्व्ह करून घ्या. माझं बघा किती आलं होतं."

पिशव्या त्याच, निदान हुद्द्याप्रमाणे. मंत्र्याच्या डोळ्यांखाली असल्या तर ते जनतेसाठी केलेलं जागरण. हिंजवडीतल्या मॅनेजरच्या असल्या तर अमेरिकेचे कॉल. रात्रपाळीच्या वॉचमनच्या असल्या तर 'बघा, ड्युटीवर झोपा काढून तोंड सुजलंय'. बाईच्या असल्या तर प्रश्नच मिटला, 'ही स्वतःकडे लक्षच देत नाही'.

खरं कारण मात्र कोणाच्याच चारित्र्याशी संबंधित नाही, त्यामुळे त्यात कोणाला रस नसतो. डोळा खोबणीत नीट बसावा म्हणून निसर्गाने त्याच्याभोवती चरबी भरून ठेवलेली आहे. खालच्या पापणीमागे तिचे तीन कप्पे असतात आणि ती पुढे येऊ नये म्हणून एक पातळ पडदा असतो. वय वाढलं की हा पडदा सैल पडतो, आणि जुन्या गादीची खोळ विरली की कापूस बाहेर डोकावतो, तशी चरबी पुढे येते. वरून झाकायला जी कातडी आहे ती अंगातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. ती काय झाकणार?

पडदा कुणाचा कधी सैल पडावा, हे बरंचसं घराण्यावर. कुठल्याही घरातला जुना ग्रुप फोटो काढून बघा. पणजोबांपासून भाच्यापर्यंत पिशव्या ओळीने बसलेल्या दिसतील. आजोबांनी जमीन एकाच मुलाच्या नावावर केली असेल, पण ही इस्टेट नातवंडांत सढळ हाताने वाटलेली असते. सातबारा नाही, फेरफार नाही, तलाठ्याकडे हेलपाटे नाहीत, आणि हिश्श्यावरून कोर्टात गेलेला एकही भाऊ नाही.

ही झाली स्थावर. जंगम म्हणजे पाणी. रात्रभर आडवं पडलं की अंगातलं पाणी डोळ्यांखालची सैल जागा धरून बसतं आणि उठून चार तास हिंडलं की उतरतं. त्याला आमंत्रण देतं मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी खा. आपल्या पानात पहिली जागा मिठाची, मग लोणचं, मग चटणी, वर पापड. वरणभात यायच्या आधीच संघटनेचा कोटा धोक्यात. रात्री दारू झाली असेल तर तिचा हातभार वेगळा. धुळीची, परागकणांची अॅलर्जी असेल तर तीही, आणि खाज सुटली म्हणून डोळे चोळचोळ चोळणं तर आपलं आपणच केलेलं. झोपेचा वाटा आहे, नाही असं नाही. फक्त सेक्रेटरी समजतात तेवढा नाही.

चांगला डॉक्टर यंत्राआधी बोट वापरतो. "मान तशीच, फक्त वर बघा," म्हणतो. नजर वर गेली की चरबीच्या पिशव्या आणखी फुगून दिसतात. मग खालची पापणी चिमटीत धरून पुढे ओढतो आणि सोडतो. ती टचकन जागेवर बसते की रेंगाळते, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. मग कातडी हलकेच ताणतो. काळेपणा तसाच राहिला तर तो कातडीचा रंग. विरून गेला तर ती नुसती पिशवीची सावली. आता लिफ्टमधला दिवा बरोबर डोक्यावर असतो, म्हणजे ही सावली तिथे सर्वांत दाट पडते. सेक्रेटरींचं निदान नेहमी लिफ्टमध्येच का होतं, ते यावरून कळावं.

एवढं सगळं डोळ्यांनी दिसत असताना बाजार क्रीम विकतो. चरबी कातडीमागे, स्नायूमागे, त्याच्याही मागच्या पडद्याआड, क्रीम कातडीवर. तरी १५ मिलीची डबी डब्याच्या आत डब्यात, वर चांदीचा कागद, सोबत चिमुकला चमचा. तिच्यातलं कॅफीन रक्तवाहिन्या थोडा वेळ आकसवतं, रेटिनॉल बारीक सुरकुत्या महिनोन् महिने लावल्यावर जरा कमी करतं. फसवणूक म्हणाल तर नाही. वेष्टन नीट वाचा: पिशव्या कमी होतील असं कुठेच म्हटलेलं नसतं, पिशव्यांचं 'दिसणं' कमी होईल असं म्हटलेलं असतं. आपल्या निवडणूक जाहीरनाम्यांनी हा संयम शिकण्यासारखा आहे. काकडीचं म्हणाल तर ती थंड असते, एवढंच तिचं कर्तृत्व. गार पाण्यात बुडवून पिळलेला रुमालही तेच करतो, पण रुमालाची कोशिंबीर होत नाही.

इथे थोडं गंभीर. रोज सकाळी डोळे सुजतात, पावलांवर बोट दाबलं की खळगा राहतो, लघवीला फेस येतो, तर तो मूत्रपिंडाचा निरोप असू शकतो. थायरॉइडही डोळ्यांभोवती सूज आणतं. एकाच डोळ्याला अचानक सूज, लाली, दुखणं, हे तर त्याच दिवशी दाखवायचं. गंमत अशी, की नेमका हाच माणूस बटाट्याच्या चकत्या ठेवून घरी पडलेला असतो, आणि ज्याला आजोबांच्या चरबीखेरीज काही झालेलं नाही तो ऑपरेशनची तारीख घेऊन आलेला असतो.

त्याआधी फिलर नावाचं प्रकरण आहे. पिशवीखालची खाच हायलुरॉनिक आम्लाच्या जेलने भरायची, म्हणजे उंचवटा जमिनीसमान दिसतो. खड्डे बुजवण्याच्या कामाचा आपल्या महापालिकांना जो अनुभव आहे, तो इथेही कधी कधी येतो. हे जेल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सूज घालवायला गेलेला सूज घेऊन परततो. वरवर टोचलं तर कातडी निळसर दिसते. चुकून धमनीत गेलं तर, क्वचित का होईना, दृष्टी जाते. जेल विरघळवायचं इंजेक्शनही असतं, आणि ते हाताशी नसलेल्या पार्लरमध्ये, फेशियलवर सवलत म्हणून, हे काम करून घेणारे धाडसी लोक आपल्यात आहेत.

दक्षिण कोरियात तर पापणीच्या अगदी कडेला बारीक फुगवटा यावा म्हणून फिलर टोचून घेतात. त्याला एग्यो-साल म्हणतात आणि त्याने चेहरा गोड, लाडिक दिसतो असं मानतात. ती आपली पिशवी नव्हे, जागा जरा वर आणि वळी बारीक, हे मान्य. पण इकडे कोरियन मालिका बघत रात्री जागवणाऱ्या मुलीला नायिकेचा फुगवटा हवा असतो आणि स्वतःचा नको असतो, हे तिच्या आईला समजावणं अवघड जातं.

चरबीच्या पिशवीवर खरा आणि टिकाऊ इलाज एकच, शस्त्रक्रिया. ब्लेफरोप्लास्टी. बऱ्याचदा पापणीच्या आतून छेद घेतात, बाहेर टाका दिसत नाही. पूर्वी चरबी सढळपणे काढून टाकत. मग काही वर्षांनी डोळे खोल जात आणि माणूस आजारी दिसे. आता बरेच सर्जन तीच चरबी सरकवून खालच्या खाचेत बसवतात. पापणी खाली ओढली जाणं, डोळ्यामागे रक्तस्राव होणं असे धोके आहेत, दुसरा क्वचित पण डोळ्यावर बेतणारा. पुढचे एक-दोन आठवडे डोळ्यांखाली सूज आणि निळे-जांभळे डाग. त्या अवस्थेत कामावर गेलात की काय विचारतील ते तुम्हाला ठाऊकच आहे.

राहता राहिला खर्च. मेडिक्लेमवाले हे प्रकरण 'सौंदर्यासाठी' म्हणून परत पाठवतात. सरकारचंही मत तेच. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, पण अपघात किंवा जन्मजात व्यंगासाठी नसेल तर सौंदर्यशस्त्रक्रियेला ती माफी नाही. ज्या पापडाच्या मिठाने सकाळी डोळे सुजतात, त्या पापडाच्या पाकिटावर मात्र जीएसटी शून्य. गोल पापड माफ आणि चौकोनी पापडाला कर, अशी बोलवा २०२१ साली उठली, तेव्हा पापड कुठल्याही आकाराचा असला तरी माफच, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने तातडीने केला होता. पिशव्यांच्या आकाराबाबत मंडळाचा खुलासा अद्याप आलेला नाही.