एक नंबरच्या खांबास अनावृत पत्र

प्रति,
मा. खांब क्रमांक एक,
रेडिओ-नियंत्रित विमानांच्या शर्यतीचे मैदान (सर्वांत लांबचा कोपरा)

विषय : आपण जागचे न हलल्यामुळे होणाऱ्या गैरसोयीबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांची शर्यत खेळणाऱ्या समस्त मंडळींचा आपल्यावर रोष आहे. आपण चार-पाच मीटर उंच, एका पायावर उभे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तरीही सुट्टीच्या दिवशी अमेरिकेतल्या एखाद्या क्लबाच्या धावपट्टीवर चांगले पन्नाशी उलटलेले, नातवंडांचे आजोबा झालेले गृहस्थ आपल्याकडे बोट दाखवून तावातावाने भांडताना दिसतात. भांडणाचे कारण एकच : विमान आपल्या बाहेरून वळले की आतून.

आपली नेमणूक कोठे झाली आहे, ते वाचकांच्या माहितीसाठी नोंदवणे भाग आहे. एफ-थ्री-डी या आंतरराष्ट्रीय वर्गाचा आखाडा त्रिकोणी असतो. आपले दोन भाऊ, क्रमांक दोन आणि तीन, एकमेकांपासून ४० मीटरवर, खेळाडूंच्या जवळ. आपण मात्र एकटे १८० मीटर दूर. जाताना १८०, येताना १८० आणि भावांमधले ४०, अशी एक फेरी कागदावर ४०० मीटरची होते. अशा दहा फेऱ्या, म्हणजे चार किलोमीटर, आणि सगळी वळणे डावीकडे. या वर्गातली तरबेज मंडळी हे अंतर मिनिटाच्या आत संपवतात. विमानाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो.

हा वेग सेकंदात मोजला की आपला गुन्हा किती गंभीर आहे ते कळते. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. खेळाडू अर्धा सेकंद गाफील राहिला, तर विमान चाळीस मीटर पुढे गेलेले असते. आपल्या दोन भावांमध्ये जेवढी जागा आहे, तेवढे. वळणाची त्रिज्या वीस मीटर धरली, तर त्या वेगात विमानावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३५ पट जोर येतो. सव्वादोन किलोचे विमान वळताना पंखांना ऐंशी किलोंच्या घरात भार पेलावा लागतो. पंख मोडत नाही, हे पंख बांधणाऱ्याचे कर्तृत्व. वळण चुकते, ते मात्र आपल्यामुळे. मंडळींचा हिशेब असा सरळ आहे.

त्यात आपण दिसत नाही, ही आणखी एक तक्रार. आपण दिसता, पण विमान आपल्या अलीकडे आहे की पलीकडे, ते कळत नाही. पन्नास इंच पंखाचे विमान १८० मीटरवर गेले की डोळ्यांना पौर्णिमेच्या चंद्राहूनही लहान दिसते. म्हणून प्रत्येक खेळाडूच्या मागे एक साथीदार उभा असतो. त्याला कॉलर म्हणतात. आपल्या पायथ्याशी पंच असतो. विमान आपल्या रेषेवर आले की तो दिवा लावतो किंवा निशाण हलवतो, कॉलर ओरडतो आणि खेळाडूचा अंगठा हातातल्या ट्रान्समीटरची काडी दाबतो.

ही शर्यत जवळून पाहावी ती विमान सुटण्याआधी. हेल्मेट घातलेला साथीदार गुडघे टेकून विमान दोन्ही हातांनी धरून बसलेला असतो. इंजिनला ठिणगी नसते. ग्लो प्लगची बारीक तार एकदा तापवून दिली की पुढे ती आपली आपण लाल राहते. एफ-थ्री-डीच्या नियमाप्रमाणे इंधनात ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के तेल. हे तेल म्हणजे पुष्कळदा एरंडेल! लहानपणी नाक दाबून पाजले गेलेले तेच एरंडेल इथे जळते आणि त्याचा गोडसर धूर शर्टाच्या बाहीत बसतो. इंजिनचे फेरे मिनिटाला तीस हजारांच्या आसपास गेले की आवाजाची किंकाळी होते. मग निशाण खाली पडते, एकामागून एक तीन किंवा चार विमाने हातांतून सुटतात आणि सगळ्यांच्या माना एकदम आपल्याकडे वळतात. बैलगाडा शर्यतीच्या घाटात ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठल्यावर जे होते, तेच इथे होते. फरक एवढाच की घाटात बैल दिसतात.

आता आपल्यावरील मुख्य आरोप. विमान आतून वळले की पंच ‘कट’ देतो. एफ-थ्री-डीत एका कटला वेळेत दहा टक्के भर पडते. साठ सेकंदांत आलेला खेळाडू कागदावर ६६ सेकंदांचा होतो. दुसरा कट झाला की त्या पाळीवर पाणीच सोडावे लागते : वेळेच्या जागी २०० गुण मांडले जातात. या खेळात कमी गुणांचा माणूस वर असतो. दहा फेऱ्यांत तीन खांबांची तीस वळणे. त्यांतली २८ काटेकोर घेतली आणि दोन चुकली, की संपले.

पूर्वी अशी वेळ आली तर दोष द्यायला रेडिओ होता. १९३७ साली मिशिगनमधल्या कॅलमाझू गावी वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी आपले ‘गफ’ विमान रेडिओच्या लहरींवर उडवले. ते आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. तेव्हापासून पुढची अनेक वर्षे विमान वेडेवाकडे गेले की बिचाऱ्या रेडिओच्या नावाने खडे फोडायची सोय होती. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मॉडेल विमानांसाठी ५० चॅनल होती. मैदानावर एक फळा असे आणि कपडे वाळत घालायचा चिमटा आपल्या चॅनलवर लावल्याशिवाय ट्रान्समीटर चालू करायचा नाही, असा दंडक. कोणी विसरला, की दोघांचे एकच चॅनल होऊन विमान जमिनीवर. २००५-०६ पासून २.४ गिगाहर्ट्झचे संच आले. ते आपली जागा आपणच शोधतात. चिमटे गेले आणि चिमट्यांबरोबर सबबही गेली. उरले कोण? सूर्य, कॉलर आणि आपण. सूर्य ऐकत नाही आणि कॉलर बहुधा जिवलग मित्र असतो.

या पार्श्वभूमीवर आपली तुलना खेळाच्या नियमांशी करणे ओघानेच आले. सत्तरच्या दशकात अमेरिकेत ‘क्विकी ५००’ नावाचा वर्ग आला. पंखाचे क्षेत्रफळ किमान ५०० चौरस इंच, म्हणून पाचशे. घरच्या टेबलावर झटपट बांधून व्हावे, म्हणून क्विकी. थर्माकोलसारख्या फोमचा गाभा, त्यावर बाल्सा लाकडाच्या पातळ पट्ट्या, पट्टीसारखा सरळ पंख, पेटीसारखे अंग, वजन पावणेचार पौंडांहून कमी नको. हेतू असा की कोणीही यावे, फार खर्च न करता शर्यत खेळावी. मग कोणीतरी थोडे बरे इंजिन आणले. शेजाऱ्याने त्याहून बरे आणले. पुढे खास शर्यतीसाठीच घडवलेली इंजिने आली आणि साधा वर्ग साधा राहिला नाही. तेव्हा नवख्यांसाठी त्याच विमानाचा धिमा वर्ग वेगळा काढावा लागला. १९३६ साली स्थापन झालेल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या नियमपुस्तकात खांबांच्या शर्यतीच्या वर्गांना ४२२, ४२४, ४२६, ४२८ असे रेल्वेगाड्यांसारखे नंबर आहेत. ४२४ ही पॅसेंजर, ४२८ ही एक्स्प्रेस. पॅसेंजरचे तिकीट काढलेले लोक इंजिनड्रायव्हरशी वेग वाढवण्याबद्दल कुजबुजतात, हे वेगळे सांगायला नको.

इंजिन बदलले, इंधन बदलले, रेडिओ बदलला, वर्गांचे नंबर वाढले. सुधारणा न झालेले मैदानावर आपण एकटेच. आपल्याला जास्त पैसे देऊन हलके करता येत नाही की आपला पंखा बदलता येत नाही. मंडळींच्या संतापाचे खरे मूळ इथे असावे, असा या पत्राचा अंदाज आहे.

आणखी एक नाजूक बाब. बऱ्याच क्लबांत आपल्याजवळचा पंच बाहेरून येत नाही. ज्यांची पाळी नाही, तेच खेळाडू निशाण घेऊन आपल्याकडे येतात. दहा मिनिटांपूर्वी ‘मी बाहेरूनच गेलो होतो’ म्हणून गळा काढणारा गृहस्थ आता हेल्मेट घालून आपल्या रेषेवर नजर लावतो, आणि पहिले विमान वीतभर आत दिसले की त्याचे निशाण क्षणाचाही विचार न करता वर जाते. तेवढ्या वेळापुरता त्याला आपल्यात काहीही खोट दिसत नाही.

तरी विनंती की आपण सोयीने दहा फूट आत सरकावे. ते शक्य नसल्यास, पुढची पाळी सुरू होण्यापूर्वी निदान तसे लेखी कळवावे.

आपले नम्र,
एकदा तरी आत वळलेले सर्व

प्रत माहितीसाठी : खांब क्रमांक दोन व तीन. त्यांच्याबद्दल फारशी तक्रार नाही. ते खेळाडूंच्या डोळ्यांसमोर उभे आहेत.