लाखाचा कॅमेरा पचवावा कसा: सदरवासीयांसाठी मार्गदर्शिका

मोबाइलमधून फुकट फोटो निघत असताना रोलचा कॅमेरा, तोही लाखांत, विकत घेणाऱ्या माणसाला युक्तिवादांचा साठा लागतो. तो पुरवणं एवढाच या मार्गदर्शिकेचा हेतू. नागपूरच्या सदर, छावणी आणि बैरामजी टाऊनचे वाचक डोळ्यांसमोर आहेत. बर्डी आणि महालच्या वाचकांनाही चालेल, कारण ऊन सारखंच आहे.

१. आधी प्रकार ओळखावा

हा आजार दोन प्रकारचा असतो.

पहिला प्रीमियम कॉम्पॅक्ट. खिशात मावतो, फोकस स्वतःच करतो आणि अंगावर टायटॅनियम मिरवतो. १९९० चा कॉन्टॅक्स टी२ हा त्यातला मानकरी: ३८ मिलिमीटरची झाइस सोनार लेन्स, एफ/२.८. २०१७ मध्ये मॉडेल केंडल जेनरनं अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात तो दाखवला आणि जुन्या बाजारात त्याचे भाव चढले. कॅमेऱ्यात मात्र एक स्क्रूही बदलला नव्हता.

दुसरा रेंजफाइंडर. यात खिडकीतून एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. तोवर माणूस उठून गेलेला असतो, तो भाग वेगळा. १९८४ चा लायका एम६ या घराण्यातला. तो बंद झाला आणि २०२२ मध्ये कंपनीनं पुन्हा काढला, अमेरिकेत ५,२९५ डॉलरला. म्हणजे चार लाखांच्या वर, जकात वेगळी, लेन्सही वेगळी. शेवटचे दोन शब्द घरी मोठ्यानं वाचू नयेत.

२. घरी विषय काढणे

नागपुरात कुठलीही वस्तू दाखवली की पहिला प्रश्न येतो, ‘कितीले घेतला बे?’ ती चालते का, हे लोक नंतर विचारतात. यावर ‘जुना आहे’ एवढंच सांगून गप्प राहावं. उत्तर खरं असतं आणि समोरचा मनातल्या मनात किंमत स्वतःच कमी करून घेतो.

घरी इतिहासाचा आधार घ्यावा. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊन भारतात आला होता आणि ३० जानेवारी १९४८ ला, हत्येच्या थोडं आधी, गांधीजींना भेटला होता, हे गंभीर आवाजात सांगावं. आई विचारेल, ‘मग तू कोणाला भेटणार आहेस?’ याचं उत्तर आधीच तयार ठेवावं. अजून कोणाला सुचलेलं नाही.

बायकोचा प्रश्न त्याहून अवघड: ‘अहो, आलमारीत बाबांचा यशिका पडलाय, त्याचं काय?’ तो बिघडलाय असं सांगू नये. ती सेल घालून बघेल आणि तो चालेल.

३. उन्हाचं गणित

महाग लेन्स घेतात ती मोठ्या तोंडासाठी. एफ/२ वर मागचं सगळं धूसर होतं आणि माणूस उठून दिसतो. आता हे भर दुपारी रेसिडेन्सी रोडवर करून पाहावं. ४०० आयएसओचा रोल भरून अशा उन्हात एफ/२ वापरायचं तर शटर १/२५,००० सेकंदाच्या आसपास लागेल. एम६ चं शटर १/१००० ला थांबतं. म्हणजे लेन्सचं तोंड एफ/११ पर्यंत आवळण्यावाचून गत्यंतर नाही आणि एफ/११ वर चार लाखांचा लायका आणि आलमारीतला यशिका यांच्या फोटोंतला फरक शोधायला भिंग लागतं. टी२ ची अवस्था आणखी बिकट, त्याचं शटर १/५०० लाच संपतं.

तरीही मोठ्या तोंडाची लेन्स वापरायचीच असेल तर उड्डाणपुलाखालच्या सावलीत उभं राहावं, किंवा दिवेलागणीनंतर मंगळवारी बाजारात जावं. तिथे मात्र रेंजफाइंडर खरोखर कामाचा ठरतो. आत आरसा उडत नसल्यामुळे धक्का बसत नाही आणि १/३० वरही हात स्थिर राहतो. चौकटीच्या बाहेरचंही दिसत असल्यामुळे कोण आत येतंय ते आधीच कळतं. मात्र १९७२ चा कॅनोनेट जी-३ क्यूएल१७ आणि १९६६ चा यशिका इलेक्ट्रो ३५ हेही रेंजफाइंडरच, आणि दोघांच्या लेन्सचं तोंड एफ/१.७, म्हणजे एफ/२ पेक्षाही मोठं. ही माहिती कॅमेरा घेऊन झाल्यावरच वाचावी.

४. टोपणाचा नियम

लायकाच्या लेन्समागे आरसा नसतो. थेट शटरचा रबर लावलेला कापडी पडदा असतो. कॅमेरा गळ्यात अडकवून उन्हात फिरलं आणि लेन्स सूर्याकडे वळली, की बहिर्गोल भिंगानं कागद जाळावा तसं पडद्याला भोक पडू शकतं. नागपूरच्या मे महिन्यात हा धोका हसण्यावारी नेऊ नये. म्हणून टोपण कायम लावून ठेवावं.

मात्र रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. टोपण लावलेलं असलं तरी दृश्य लख्ख दिसतं, फोकस जुळतो, शटर वाजतं आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो कोरे येतात. म्हणून टोपण कधीही लावू नये.

दोन्ही नियम काटेकोरपणे पाळावेत.

५. रोल धुणे

या बाबतीत मात्र नागपूरकर भाग्यवान. रंगीत रोल धुण्याच्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपर ३७.८ अंशांवर ठेवून रोल त्यात सव्वातीन मिनिटं ठेवायचा असतो. परदेशातले हौशी त्यासाठी पाणी तापवण्याची यंत्रं विकत घेतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला की झालं, उलट थोडं थंड करून घ्यावं लागतं. हा बचतीचा मुद्दा घरी जरूर मांडावा. कृष्णधवल रोलला साधारण २० अंश लागतात हे सांगू नये, नाहीतर बर्फाचा खर्च निघेल.

६. ताळेबंद

रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून दीड हजार रुपये धरा. छत्तीस फोटोंचे भाग पाडले तर एक बोट दाबण्याचे बेचाळीस रुपये. लायकाच्या चार लाख तीस हजारांत असे दोनशे ऐंशीच्या वर रोल बसतात. महिन्याला एक म्हटला तर तेवीस वर्षांची सोय.

यावर ठरलेला युक्तिवाद असा: ‘विकला तर पैसे परत येतात.’ एम६ बाबत त्यात तथ्य आहे. सेल संपला तर फक्त मीटर बंद पडतो, शटर चालत राहतं. आणि दातेरी चाकांचं यंत्र जाणकार कारागीर पुन्हा उभं करू शकतो. टी२ बाबत तथ्य नाही. तो अख्खा इलेक्ट्रॉनिक आणि तो बनवणाऱ्या क्योसेरानं २००५ मध्ये कॅमेऱ्यांतून अंग काढून घेतलं. आतली सर्किटची फीत तुटली तर हातात उरतो तो टायटॅनियमचा पेपरवेट. म्हणून लाखाचं समर्थन करायचंच असेल तर दुरुस्त होणाऱ्या यंत्राचं करावं. फक्त, विकून पैसे परत मिळवायचे तर कॅमेरा विकावा लागतो, आणि ते काम या मार्गदर्शिकेच्या एकाही वाचकाकडून होणार नाही.

७. शंकासमाधान

शंका: फोटो मोबाइलपेक्षा चांगले येतील का?
उत्तर: कमी येतील. छत्तीसच असल्यामुळे लोक ते बघतात तरी.

शंका: घरच्यांना खरी किंमत कळली तर?
उत्तर: म्हणून पहिला अख्खा रोल घरच्यांवरच खर्च करावा. ब्रेसाँच्या फोटोंतल्यासारखे डबक्यावरून उडी मारणारे किंवा पाठमोरे नकोत. समोरून, चेहरा स्पष्ट, पदर नीट घेतलेला. आईचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लागला की किंमत कोणी काढत नाही. तो सकाळच्या उन्हात, एफ/११ वर काढावा, म्हणजे हमखास चांगला येतो. यशिकानं काढलात तरी कोणाला कळणार नाही.